आपल्या हाताला जुळणारी बटणं

आज आपण संगणकाच्या कीबोर्डवरच्या शॉर्टकट बटणांबद्दल बोलणार आहोत. विषय ऐकून लगेच रेडिओचा आवाज कमी करू नका. मी या विषयाकडे वळले ती एका खजिनदार मावशींच्या राजीनाम्यामुळे. आधी ती हकिकत सांगते, मग वही-पेन घ्यायला सांगेन.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. मावशी नऊ वर्षं त्याच्या खजिनदार. आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहेच: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. या पाचव्या सूत्रात मावशींचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं तर त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं फार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेलेली. पण लिहायला उजवा हात लागतो, आणि उजव्या हाताचं अक्षर मोत्यासारखं.

मग ग्रामसंघाच्या खोलीत एक जुना संगणक आला आणि सगळ्या गटांचे हिशेब त्यावर घ्यायचं ठरलं. मावशी दोन दिवस येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ताई, दुसरी खजिनदार बघा. या डब्याला दोन हात लागतात, माझ्याकडे दीडच आहे."

गावातला एक मुलगा पानामागे पैसे घेऊन टाइप करून द्यायला तयार होता. पण विचार करा. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी कर्ज घेतलंय, कुणाचे दोन हप्ते थकलेत, या गोष्टी बैठकीतच राहायला हव्यात. वही बाहेर गेली की गटाची अब्रूही बाहेर जाते. म्हणून मी ठरवलं, हिशेब मावशींच्याच हातात ठेवायचा. त्यासाठी कीबोर्ड त्यांच्या हाताला जुळवून घ्यायचा. त्यातून मी जे शिकले ते आज सांगते. दोन्ही हात धडधाकट असलेल्यांनाही ते उपयोगी पडेल.

शॉर्टकट कुणी ठरवले?

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी एमएस-सीआयटी केलं आहे. २००१ साली सुरू झालेल्या या कोर्सनं महाराष्ट्रात घराघरात माऊस पोहोचवला. त्यात शॉर्टकटची यादी आपण पाढ्यांसारखी पाठ केली: कंट्रोल आणि सी म्हणजे कॉपी, कंट्रोल आणि व्ही म्हणजे पेस्ट. पाढे बदलत नाहीत, तसे शॉर्टकटही बदलत नाहीत, अशी आपली समजूत झाली.

पण शॉर्टकट माणसांनीच ठरवलेले आहेत. कट, कॉपी आणि पेस्ट ही पद्धत अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात रुजली. लॅरी टेस्लर नावाच्या संगणकतज्ज्ञाचा त्यात मोठा वाटा होता. पुढे ॲपल कंपनीने या कामांसाठी एक्स, सी, व्ही ही तीन बटणं नेमली. ती कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे लागून आहेत. उजवा हात माऊसवर आणि डावा हात या बटणांवर, असा त्यात सोयीचा हिशेब आहे. ज्यांनी तो मांडला, त्यांच्या डोळ्यांसमोर दोन धड हातांचा माणूस होता. आमच्या मावशी नव्हत्या.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात घ्या. बटणांची मांडणी दुसऱ्या कुणाच्या हातासाठी केलेली असते. आपला हात वेगळा असेल तर ती बदलून घेण्यात काही चूक नाही. नव्या शिलाई मशीनवर बसताना आपण आधी स्टूल खालीवर करून पाहतोच ना?

आधी असलेल्या सोयी वापरा

आता वही घ्या. काहीही बदलण्याआधी, संगणकात आधीपासून असलेल्या तीन सोयी पाहू. मी विंडोजवरच्या सांगते, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तेच असतं.

पहिली सोय उजव्या हाताची. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही येण्याआधी विंडोजमध्ये दुसरी पद्धत होती आणि ती अजून चालते. कंट्रोल आणि इन्सर्ट म्हणजे कॉपी. शिफ्ट आणि इन्सर्ट म्हणजे पेस्ट. शिफ्ट आणि डिलीट म्हणजे कट. मोठ्या कीबोर्डवर इन्सर्ट आणि डिलीट उजवीकडे असतात आणि उजवं कंट्रोल नि उजवं शिफ्टही त्यांच्या जवळच असतात. एका पंज्यात दोन्ही बटणं येतात. मावशींना मी हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोन दिवस मला तंगवलं कशाला?" मला तेव्हा हे माहीतच नव्हतं, हे मी कबूल केलं.

दुसरी सोय मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकीनं ऐकावी. सरकारमान्य इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'क' साधा येतो, पण 'ख' साठी शिफ्ट धरून तेच बटण दाबावं लागतं. 'ग' साधा, 'घ' ला शिफ्ट. 'ब' साधा, 'भ' ला शिफ्ट. आपल्या मराठीत पदोपदी लागणारे 'ण', 'ळ' आणि 'श' हेही शिफ्टनंच येतात. म्हणजे एका हातानं टाइप करणारीचा शब्द अर्ध्यावर अडतो. मावशींच्या नावातच 'भ' आहे. स्वतःचं नावसुद्धा त्यांना लिहिता येईना, आणि राजीनाम्याचं खरं कारण तेच होतं.

यावर विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. लागोपाठ पाच वेळा शिफ्ट दाबा. एक चौकट विचारते, ही सोय सुरू करायची का? 'येस' म्हणा. सेटिंग्जमध्ये जाऊनही ती सुरू करता येते. विंडोज ११ मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' आणि त्यात 'कीबोर्ड', तर विंडोज १० मध्ये 'ईज ऑफ ॲक्सेस' आणि त्यात 'कीबोर्ड'. मग शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोजचं बटण धरून ठेवावं लागत नाही. शिफ्ट दाबा, सोडा, मग 'ब' चं बटण दाबा, की 'भ' उमटतो. एकाच बोटानं सगळी बाराखडी लिहिता येते.

इथे एक मेख आहे. ही सोय सुरू असताना दुसऱ्या कुणी दोन बटणं एकदम दाबली, तर ती आपोआप बंद होऊ शकते. एकच संगणक अनेक जणी वापरत असतील तर त्याच सेटिंगमध्ये जाऊन, दोन बटणं एकदम दाबल्यावर स्टिकी कीज बंद करण्याचा पर्याय काढून टाका.

जाता जाता शेजारची एक गंमतही सांगते. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर 'फिल्टर कीज' सुरू करायची का, असं विचारलं जातं. विचार करताना पुष्कळ जणींचं बोट शिफ्टवर टेकलेलं असतं आणि चौकट न वाचताच 'येस' होतं. मग बटण पटकन दाबलं तर अक्षरच उमटत नाही, आणि आपण म्हणतो, कीबोर्ड गेला. नवा कीबोर्ड घ्यायला नाशिकला जाण्याआधी हे सेटिंग एकदा तपासा.

तिसरी सोय भाषा बदलण्याची. विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की इंग्रजीवरून मराठीवर जाता येतं. डावं ऑल्ट आणि शिफ्ट यांनीही भाषा बदलते. पण या जोडीला चुकून धक्का लागतो, मग रकमेऐवजी भलतंच काही उमटतं आणि आपण घाबरतो. ही जोडी बदलता येते. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', आणि त्यात 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. तिथे 'चेंज की सीक्वेन्स' मध्ये एक पर्याय एकाच बटणाचा आहे. टॅबच्या वर आणि १ च्या डावीकडे जे बटण असतं, ते. मराठी हिशेबात त्याचं काही काम पडत नाही, म्हणून मावशींसाठी आम्ही तेच भाषा बदलायला नेमलं.

आता आपले शॉर्टकट

सर्वात सोपी सुरुवात आपल्या हिशेबाच्या फाईलपासून करा. फाईलचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा. त्या चित्रावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'शॉर्टकट की' असं लिहिलेली एक रिकामी जागा दिसेल. तिच्यावर क्लिक करून फक्त एच दाबा. संगणक स्वतःच कंट्रोल, ऑल्ट आणि एच अशी जोडणी तयार करतो. 'ओके' करा. पुढच्या वेळी कुठूनही ही तीन बटणं दाबलीत की हिशेबाची फाईल समोर येते. फक्त तो शॉर्टकट डेस्कटॉपवरून हलवू नका. दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की तो चालत नाही.

आता वर्ड. 'फाईल' मध्ये 'ऑप्शन्स', त्यात 'कस्टमाइझ रिबन', आणि तिथे खाली 'कीबोर्ड शॉर्टकट्स' समोर 'कस्टमाइझ'. एक चौकट उघडते. डावीकडे कामांचे गट, उजवीकडे कामं. काम निवडा आणि 'प्रेस न्यू शॉर्टकट की' या जागेत आपल्याला हवी ती बटणं दाबा. आता थांबा. त्याच्याच खाली 'करंटली असाइन्ड टू' असं लिहून येतं. ही बटणं आधीच दुसऱ्या कामाला लागली आहेत का, ते तिथे कळतं. ते वाचूनच 'असाइन' करा. ही ओळ वहीत अधोरेखित करून ठेवा, तिच्याकडे मला परत यायचं आहे.

लिब्रेऑफिस हा मोफत मिळणारा संच आहे आणि तो मराठीतही वापरता येतो. गटाला पैसे वाचवायचे असतील तर माझा सल्ला याचाच. त्यात 'टूल्स' मध्ये 'कस्टमाइझ' आणि तिथे 'कीबोर्ड'. सगळ्या बटणांची लांब यादी दिसते आणि प्रत्येक बटणासमोर त्याचं काम लिहिलेलं असतं. जिथे जागा रिकामी, ते बटण मोकळं. जी बटणं फिकट दिसतात ती बदलता येत नाहीत. मोकळं बटण निवडा, खाली काम निवडा आणि 'असाइन' करा. जुन्या आवृत्तीत तिथे 'मॉडिफाय' लिहिलेलं असतं. हा बदल सगळ्या लिब्रेऑफिससाठी हवा की फक्त हिशेबाच्या कॅल्कसाठी, तेही तिथेच ठरवता येतं.

याचा उपयोग आम्हाला कुठे झाला ते ऐका. व्हॉट्सॲपवर आलेली सभासदांची नावं हिशेबात चिकटवली की कधीकधी त्यांच्यासोबत तिथला रंग आणि अक्षरांचा आकारही येतो आणि तक्ता विस्कटतो. फक्त मजकूर चिकटवायचं काम लिब्रेऑफिसमध्ये आहे, पण त्याला कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही अशी चार बटणं एकदम लागतात. दोन हातांच्या बाईलाही ते जमायला सराव लागतो. आम्ही ते काम यादीतल्या मोकळ्या दोन बटणांच्या जोडीवर आणलं.

एक्सेलमध्ये मात्र अशी यादी उघडून बटणं बदलायची सोय नाही. तिथे वेगळी वाट आहे. रोज लागणाऱ्या कामाच्या चित्रावर राइट क्लिक करून 'ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार' म्हणा. ते काम वरच्या छोट्या पट्टीत जाऊन बसतं. पट्टीतल्या पहिल्या कामाला ऑल्ट आणि १, दुसऱ्याला ऑल्ट आणि २, असे आकडे मिळतात. ऑल्ट धरून ठेवायची गरज नाही. ऑल्ट दाबून सोडलं की चित्रांवर आकडे उमटतात, मग हवा तो आकडा दाबायचा. स्टिकी कीजशिवायही हे एका बोटानं होतं.

तयार शॉर्टकटमधले दोन मात्र प्रत्येक खजिनदारानं शिकावेतच. एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविरामाचं बटण दाबलं की आजची तारीख उमटते. ऑल्ट आणि बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबलं की वरच्या आकड्यांची बेरीज मांडली जाते. महिन्याच्या बैठकीत या दोघांनी फार वेळ वाचतो.

माझी चूक

आता त्या अधोरेखित ओळीकडे वळते. हिशेबात पावलोपावली रुपयाचं चिन्ह लागतं. देशाच्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यातही छापल्या जातात, पण रुपयाला स्वतःचं ₹ हे चिन्ह मिळालं २०१० साली. त्यामुळे जुन्या कीबोर्डच्या बटणांवर ते छापलेलं नसतं. मला वाटलं, वर्डमध्ये त्याला स्वतःचा शॉर्टकट देऊ. इंग्रजी एस अक्षर जवळ होतं, म्हणून मी ₹ ला कंट्रोल आणि एस नेमलं. 'करंटली असाइन्ड टू' समोर 'फाईल सेव्ह' असं लिहून आलं होतं. मी ते वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सचिवताई बैठकीचं इतिवृत्त लिहायला बसल्या. त्यांना दर दोन ओळींनी सेव्ह करायची सवय. प्रत्येक वेळी कागदावर ₹ उमटू लागलं. ठरावात ₹, उपस्थितीत ₹, आभारातही ₹. त्यांना वाटलं व्हायरस आला. त्यांनी घाबरून संगणकाचं बटणच बंद केलं. वर्डनं आपणहून सांभाळून ठेवलेला भाग परत मिळाला, पण शेवटचे दोन ठराव पुन्हा लिहावे लागले. त्यातला एक कर्जमंजुरीचा होता. कुणाला किती कर्ज मंजूर झालं, हे आठवणीवरून लिहायची वेळ आली. रक्कम सगळ्यांच्या लक्षात होती म्हणून निभावलं.

आणि वाईट याचं वाटलं की हे सगळं करायची गरजच नव्हती. विंडोजमध्ये 'इंग्रजी, भारत' हा कीबोर्ड निवडलेला असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतंच.

त्या दिवसापासून आम्ही चार नियम केले. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला, सगळ्यांच्या हातात बसलेली बटणं कधी बदलायची नाहीत. कंट्रोलसोबतचे एस, सी, व्ही, एक्स, झेड आणि पी ही ती बटणं. एकीला सोपं करताना दहा जणींना अडचणीत टाकू नये.

दुसरा, नवं बटण नेमण्याआधी शोधायचं की हे काम आधीच कुठल्या बटणावर आहे का, आणि हे बटण आधीच दुसऱ्या कामावर आहे का.

तिसरा, जे बदललं ते कागदावर लिहायचं. तारीख, बटण, काम आणि बदलणारीचं नाव. आमच्याकडे तो कागद संगणकाशेजारी भिंतीवर लावलेला असतो. बिनसलंच तर वर्डमध्ये 'रीसेट ऑल' आणि लिब्रेऑफिसमध्ये 'रीसेट' आहे, पण वर्डच्या 'रीसेट ऑल' नं नेमलेली सगळीच बटणं पूर्ववत होतात. मग आपली कामाची बटणं परत नेमायला कागदच उपयोगी पडतो. लिब्रेऑफिसमध्ये तर 'सेव्ह' करून बटणांची मांडणी फाईलमध्ये ठेवता येते आणि दुसऱ्या संगणकावर 'लोड' करता येते.

चौथा, दुसऱ्याच्या संगणकावर काही बदलायचं नाही. ग्रामपंचायतीत, सायबर कॅफेत, पाहुण्यांकडे, कुठेही. चुकून बदललं तर उठायच्या आधी पूर्ववत करायचं आणि सांगायचं.

एकच संगणक अनेक जणी वापरत असतील तर खरा उपाय म्हणजे विंडोजमध्ये प्रत्येकीचं वेगळं खातं उघडणं. स्टिकी कीज आणि वर्डमधली बटणं ज्या त्या खात्यापुरतीच राहतात. मावशींच्या खात्यात मावशींची मांडणी, सचिवताईंच्या खात्यात सचिवताईंची. एका चुलीवर दोघींनी दोन तऱ्हेचं कालवण करण्यापेक्षा हे बरं. पासवर्डही वेगळे ठेवता येतात.

मावशींचं पुढे काय झालं

पहिल्या महिन्यात मावशींना बैठकीचा हिशेब भरायला दोन तास लागले. वहीत तोच अर्ध्या तासात होत होता, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं. म्हणून आम्ही घाई केली नाही. एका आठवड्यात एकच नवं बटण, असं ठरवलं. आधी 'भ', मग तारीख, मग बेरीज, मग फाईल उघडणं. आता त्यांचा वेळ वहीइतकाच लागतो, आणि बेरीज दोनदा तपासावी लागत नाही. वही मात्र त्यांनी सोडलेली नाही. दर महिन्याला संगणकावरचा आकडा त्या वहीशी ताडून पाहतात, आणि मला तेही पटतं.

तुमच्या गटात कुणाची बोटं संधिवातानं आखडली असतील, कुणाचा हात थरथरत असेल, कुणी डावखुरी असेल. तिला 'तुला जमणार नाही' असं म्हणण्याआधी पाच वेळा शिफ्ट दाबून बघा. या आठवड्यासाठी एवढंच काम देते. आपल्या गटाच्या संगणकावर फक्त एक बटण आपल्या सोयीचं करा, त्याची नोंद कागदावर घ्या आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवा.

परवा मी ग्रामसंघाच्या खोलीत गेले तेव्हा भिंतीवरच्या कागदावर एक नवी ओळ होती. अक्षर मोत्यासारखं. तारीख, बटण, काम, आणि शेवटी 'भ' असलेलं नाव.